होतकरू खेळाडूचें भविष्य : जॉन कोलमन याचीं पहिलीं वर्षें

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात ही म्हण आपल्याकडे फार रूढ आहे. परंतु ती उच्चारणारा मनुष्य बहुधा पाळणा सोडून पन्नास वर्षें लोटलेल्या एखाद्या यशस्वी गृहस्थाविषयीं बोलत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पाळण्यांतले पाय पाहून भविष्य आधीं सांगितल्याचा दाखला क्वचित् सांपडतो. भविष्य घडून गेल्यावर पाळण्याकडे वळून पाहण्याची तऱ्हा मात्र घरोघर आढळते. गवई किंवा लेखक यांच्या बाबतींत निदान रुचीचा प्रश्न तरी असतो. खेळाडूच्या बाबतींत आंकडे असतात, आणि आंकडे पुढें आले कीं वाद मिटला असें पुष्कळांस वाटतें. आंकड्यांनीं वाद मिटत नाहीं, कित्येकदां तो तेथूनच सुरू होतो, हें दाखविणारें एक उदाहरण ऑस्ट्रेलियांतील फुटबॉलच्या इतिहासांत आहे. ज्या तरुणाचें तें उदाहरण त्याचें नांव जॉन डग्लस कोलमन. त्याचा आरंभ कसा झाला, त्याला जोखणाऱ्यांनीं कशावरून जोखलें, त्यांत बरोबर काय होतें आणि त्यांच्या नजरेतून निसटलें काय, हें या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या खेळाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. फुटबॉल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाटोळा चेंडू आणि त्याला हात न लावणारे अकरा अकरा गडी उभे राहतात. मेलबोर्नचा फुटबॉल याहून अगदीं निराळा. टॉम विल्स नांवाच्या क्रिकेटपटूनें १८५८ च्या जुलईंत वृत्तपत्राला एक पत्र लिहून, क्रिकेट खेळणारांचें अंग हिंवाळ्यांत सुस्त होऊं नये म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा, अशी सूचना केली. आणि १८५९ च्या मे महिन्यांत मेलबोर्नच्या क्लबांतील मोजक्या मंडळींनीं एकत्र बसून त्याचे पहिले नियम लिहून काढले. क्रिकेटच्या पोटीं जन्मल्यामुळें हा खेळ क्रिकेटच्याच लांबट वाटोळ्या मैदानावर खेळतात. एका बाजूस अठरा गडी, चेंडू अंड्याच्या घाटाचा. तो पायानें मारावा किंवा मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा, हातानें फेंकूं मात्र नये. मैदानाच्या प्रत्येक टोकास चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायानें मारलेला चेंडू गेला तर तो गोल, त्याचे सहा गुण. मधला खांब आणि बाजूचा आंखूड खांब यांमधून गेला तर तो ‘बिहाइंड’, त्याचा एक गुण. दुसऱ्याच्या पायानें उडालेला चेंडू ठराविक अंतर येऊन जमिनीस लागण्यापूर्वीं झेलला, तर त्या झेलास ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणारास कोणाचाहि अडथळा न होतां चेंडू मारण्याचा हक्क मिळतो. चार पांच गड्यांच्या गर्दींतून एकानें उसळी घेऊन, प्रसंगीं पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकून, आकाशांतला चेंडू खुडून आणावा, हा या खेळांतील सर्वांत प्रेक्षणीय प्रकार होय.

गोलाजवळ कोणीं केव्हां उभें राहावें याविषयीं या खेळांत कोलमनच्या काळीं बंधन नव्हतें. त्यामुळें प्रत्येक संघाचा एक गडी प्रतिपक्षाच्या खांबांसमोर ठाण मांडून असे. त्याला फुल-फॉरवर्ड म्हणतात. प्रतिपक्षाचा फुल-बॅक त्याच्या पाठीस सावलीसारखा लागलेला असे. या फुल-फॉरवर्डपर्यंत चेंडू आणून पोंचविणें हें बाकीच्यांचें काम, आणि आलेल्या चेंडूचा गोल करणें हें त्याचें. त्याच्या नांवावर मांडलेल्या गोलांत म्हणूनच त्याच्या सोबत्यांचा वांटा असतो, आणि समोरच्या फुल-बॅकच्या दुबळेपणाचाहि असतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढला सारा वाद तिच्यावरच उभा आहे.

कोलमन याचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ रोजीं व्हिक्टोरिया प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्ट फेअरी या लहानशा बंदरांत झाला. त्याच्या शालेय वयाचा कांहीं काळ मेलबोर्न शहरांत गेला. परंतु खेळाडू म्हणून त्याचें नांव झालें तें मेलबोर्नच्या दक्षिणेस असलेल्या मॉर्निंग्टन द्वीपकल्पांतील हेस्टिंग्ज या गांवच्या संघांतून. वयाच्या अठराव्या एकोणिसाव्या वर्षीं, म्हणजे १९४७ व १९४८ या दोन हंगामांत मिळून, त्यानें या संघासाठीं तीनशेच्या जवळपास गोल केले. एकट्या १९४८ च्या हंगामांत १६० गोल झाले, आणि सोरेन्टो या गांवच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यांत २३.

आतां या आंकड्यांकडे मेलबोर्नच्या मोठ्या क्लबांतील जाणत्या माणसानें कसें पाहावें? व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्यें त्या काळीं बारा क्लब होते, आणि ही लीग म्हणजे या खेळाचें परमोच्च न्यायासन. तेथील उच्चांक बॉब प्रॅट याचा : साउथ मेलबोर्न क्लबाकडून १९३४ मध्यें १५० गोल. गांवठी लीगमधील पोरानें १६० केले म्हणून तो प्रॅटहून मोठा, असें कोणताहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. एका सामन्यांत २३ गोल होतात तेव्हां तो आंकडा गोल करणाऱ्याविषयीं जितकें सांगतो तितकेंच समोरच्या संघाविषयींहि सांगतो. शिवाय लहान गांवच्या संघांत एखादाच गडी विशेष असला, कीं सारा संघ त्याच्याचकडे चेंडू लोटतो. अशा आंकड्यांवर भुलून शहरांत आणलेले आणि एका हंगामांत परत गेलेले तरुण प्रत्येक क्लबानें पाहिलेले असतात. तेव्हां एसेन्डन क्लबानें कोलमनला पाहून घाई केली नाहीं, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. १९४९ पूर्वीं तो एकाहून अधिक वेळां एसेन्डनच्या सरावास येऊन गेला. वरिष्ठ संघांत त्याला जागा मिळाली नाहीं, आणि तो हेस्टिंग्जला परतला.

क्लबाच्या बाजूनें आणखीहि एक मुद्दा आहे. एसेन्डनची ती जागा रिकामी नव्हती. बिल ब्रिटिंगहॅम हा त्यांचा फुल-फॉरवर्ड. त्यानें १९४६ मध्यें ६६ गोल करून साऱ्या लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला होता, आणि त्याच वर्षीं एसेन्डननें अजिंक्यपद पटकाविलें होतें. संघाचा कप्तान आणि शिक्षक डिक रेनॉल्ड्स. लीगमधील सर्वोत्तम व सभ्य खेळाडूस मिळणारें ब्राउनलो पदक तीन वेळां मिळविलेला हा मनुष्य, पोरसवदा कीर्तीनें हुरळून जाण्यासारखा खास नव्हता. हातचा भरंवशाचा गडी काढून त्याच्या जागीं गांवाकडचा एक अठरा वर्षांचा मुलगा बसविणें, हें लेखांत लिहिणें सोपें आहे. शनिवारीं दुपारीं मैदानावर करावयाचें म्हटलें, म्हणजे तें तितकें सोपें राहत नाहीं.

असें असूनहि १९४८ सालचा अंतिम सामना आठवला कीं मनुष्य क्षणभर थबकतो. तो झाला मेलबोर्न क्रिकेट ग्राउंडवर, २ ऑक्टोबर रोजीं. हें मैदान आपल्या वाचकांस परकें नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं, जानेवारी व फेब्रुवारींत, अमरनाथ यांच्या संघांतील विनू मांकड यांनीं येथेंच ११६ आणि १११ अशीं दोन कसोटी शतकें काढलीं होतीं. उन्हाळा सरून क्रिकेटवाले निघून गेले, कीं त्याच हिरवळीवर हिंवाळ्यांत हा खेळ मांडतात. तर त्या दिवशीं एसेन्डनची गांठ मेलबोर्न संघाशीं पडली. एसेन्डननें एकंदर ३४ वेळां खांबांपर्यंत चेंडू पोंचविला, मेलबोर्ननें अवघा १९ वेळां. परंतु एसेन्डनच्या त्या ३४ पैकीं गोल झाले सात, आणि बिहाइंड सत्तावीस. मेलबोर्नचे गोल दहा, बिहाइंड नऊ. बेरीज दोघांचीहि ६९. अंतिम सामना बरोबरींत सुटण्याची लीगच्या इतिहासांतील ही पहिलीच वेळ. सत्तावीसांपैकीं एक, केवळ एक, चेंडू दोन हात आंतून गेला असता, तर त्या वर्षाचें अजिंक्यपद एसेन्डनचें होतें. पुढच्या शनिवारीं सामना पुन्हा खेळविला गेला आणि मेलबोर्ननें तो ८९ विरुद्ध ५० गुणांनीं सरळ जिंकला.

ज्या वर्षीं एसेन्डननें सत्तावीस वेळां गोल हुकविला, त्याच वर्षीं एसेन्डनच्या सरावांतून परत गेलेला एक मुलगा समुद्राकांठच्या एका गांवांत १६० गोल करीत होता. इतिहासांत असे योग येतात, आणि त्यांवरून ‘तो असता तर’ असा सिद्धान्त काढण्याचा मोह फार मोठा असतो. तो आम्ही आवरतों. एकोणीस वर्षांचा कोलमन त्या दिवशीं मैदानावर असता, तर त्यानेंहि चार पांच बिहाइंड मारले नसतेच, असें कोण सांगणार? तथापि एक गोष्ट म्हणावयास हरकत नाहीं. क्लबानें आंकड्यांवर विश्वास ठेवला नाहीं हें योग्य झालें. परंतु आंकडे बाजूस सारल्यावर जें उरतें तें नीट पाहावयास हवें होतें, तें पाहिलें नाहीं. समोरचा संघ दुबळा असला म्हणून खेळाडूची उडी उंच होत नाहीं. गर्दीच्या मागून धांवत येऊन नेमक्या क्षणीं जमीन सोडण्याची कला, पहिल्या दहा पावलांतली चपळाई, आणि तीस चाळीस यार्डांवरून खांबांमध्यें चेंडू सरळ धाडण्याची संवय, हे गुण सोरेन्टोपुढें जेवढे असतात तेवढेच कॉलिंगवुडपुढेंहि असतात. सरावाच्या सामन्यांत ते दिसणें मात्र कठीण. कारण तेथें प्रत्येक जण स्वतःची जागा मिळविण्यासाठीं धडपडत असतो, आणि नव्या पोराकडे चेंडू पोंचविण्यांत कोणाचेंच हित नसतें. ज्याचें सारें काम आलेल्या चेंडूवर अवलंबून, त्याची परीक्षा चेंडू न येणाऱ्या जागीं घेणें ही परीक्षाच नव्हे.

१६ एप्रिल १९४९, नव्या हंगामाचा पहिला शनिवार. एसेन्डनच्या स्वतःच्या मैदानावर, ज्याला विंडी हिल म्हणतात तेथें, हॉथॉर्न संघाविरुद्ध कोलमन प्रथम वरिष्ठ सामन्यांत उतरला. वय वीस वर्षें आणि पांच महिने. त्या दिवशीं त्यानें १२ गोल केले. पहिल्याच सामन्यांत एवढे गोल त्यापूर्वीं कोणीं केले नव्हते, आणि त्यानंतरहि कोणास जमलें नाहीं.

येथें जुनी शंका पुन्हा डोकें वर काढते. हॉथॉर्न हा त्या काळचा अगदीं दुर्बल संघ. पुढच्या १९५० सालांत तर त्याला एकहि सामना जिंकतां आला नाहीं. तेव्हां बारा गोल हे हेस्टिंग्जच्या तेवीस गोलांचेच धाकटे भाऊ, असें त्या सोमवारीं कोणी म्हटलें असेल तर त्याला वेडा म्हणतां येणार नाहीं. एका दिवसाचें तेज आणि एका हंगामाचें तेज यांत अंतर असतें. प्रतिपक्षी पहिल्या महिन्यांत गाफील असतात, दुसऱ्या महिन्यापासून ते त्या नव्या गड्याच्या अंगावर दोन दोन माणसें घालूं लागतात. खरी कसोटी तेथें लागते. कोलमन त्या कसोटीस उतरला. हंगाम संपत आला तेव्हां त्याच्या गोलांची संख्या शंभराच्या उंबरठ्यावर होती, आणि एसेन्डन चौथ्या क्रमांकावरून एकेक सामना जिंकीत अंतिम सामन्यांत येऊन पोंचला होता. कार्लटनविरुद्धच्या त्या सामन्यांत एसेन्डननें ७३ गुणांनीं विजय मिळविला, आणि अखेरच्या पावांत कोलमननें आपला शंभरावा गोल केला. पहिल्याच हंगामांत शंभर गोल करणारा खेळाडू लीगच्या इतिहासांत हाच एक. ब्रिटिंगहॅमला आपली जागा सोडून मैदानाच्या दुसऱ्या टोकास फुल-बॅक म्हणून जावें लागलें. आणि तेथेंहि तो चांगला खेळला, हें त्या गुणी माणसाविषयीं मुद्दाम सांगितलें पाहिजे.

अशा आरंभाची दुसऱ्या थोर खेळाडूंच्या आरंभाशीं तुलना केली तर काय दिसतें? कॉलिंगवुडचा गॉर्डन कोव्हेंट्री १९२० मध्यें खेळावयास लागला. शंभर गोलांचा हंगाम त्याच्या हातून घडला तो १९२९ मध्यें, म्हणजे दहाव्या वर्षीं. त्या वर्षीं त्यानें १२४ गोल केले, आणि लीगमध्यें शंभरी गांठणारा पहिला मनुष्य तोच ठरला. १९३७ मध्यें तो निवृत्त झाला तेव्हां ३०६ सामन्यांत १,२९९ गोल त्याच्या नांवावर होते, आणि तो उच्चांक बासष्ट वर्षें अभंग राहिला. हा उच्चांक १९९९ मध्यें मोडणारा टोनी लॉकेट याची गोष्ट अधिकच उद्बोधक आहे. १९८३ मध्यें सतराव्या वर्षीं तो सेंट किल्डा क्लबांत आला. पहिलीं चारहि वर्षें तो क्लब गुणतक्त्याच्या अगदीं तळाशीं होता. ज्या संघाकडे चेंडूच फारसा राहत नाहीं त्याच्या फुल-फॉरवर्डनें काय करावें? तरी लोक त्याच्या गोलांचा हिशेब करीत, आणि त्याच्या स्थूल देहाविषयीं व तापट स्वभावाविषयीं बोलत. १९८७ मध्यें त्यानें ११७ गोल करून ब्राउनलो पदकांत वांटा मिळविला, आणि पुढें त्याचे एकंदर गोल १,३६० झाले. कोव्हेंट्रीला किंवा लॉकेटला पहिल्या वर्षाच्या आंकड्यांवरून जोखलें असतें, तर चांगले परंतु असामान्य नव्हेत असाच शेरा त्यांच्या नांवापुढें पडला असता.

म्हणजे पहिल्या वर्षींचा आंकडा लहान असला म्हणून पुढें मोठें व्हावयाचें थांबत नाहीं. मोठा असला तर पुढचें सारें सुरक्षित होतें काय? कोलमनचें उत्तर याबाबतींत कठोर आहे.

१९५० मध्यें त्यानें १२० गोल केले. एसेन्डन पुन्हा अजिंक्य ठरला. आतां प्रतिपक्षांचें धोरण बदललें. खेळानें जो अडत नाहीं त्याला धक्क्यांनीं अडवावें, हा उपाय फुल-बॅक लोकांस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आणि पंचाची दृष्टि बहुतेक वेळां चेंडूच्या मागें असते. सदरा ओढणें, पोटरीवर टांच मारणें, उडी घेण्याच्या क्षणीं कोपर लावणें, हें सारें कोलमनच्या वांट्यास आठवड्यामागून आठवडे येऊं लागलें. १९५१ च्या साखळी सामन्यांपैकीं शेवटच्या सामन्यांत कार्लटनच्या हॅरी कॅस्पर यानें त्याला मारलें, आणि कोलमननें उलट ठोसा दिला. लीगच्या न्यायमंडळापुढें दोघांचीहि चौकशी झाली, आणि दोघांनाहि चार सामन्यांची बंदी झाली. प्रथम आगळीक कोणाची याला त्या निकालांत कांहीं किंमत उरली नाहीं. बावीस वर्षांचा तो तरुण डोळ्यांत पाणी आणून बाहेर पडला. निर्णायक सामन्यांत तो नव्हता; अंतिम सामन्यांत एसेन्डन जिलाँगकडून ११ गुणांनीं हरला. गड्यांची अडचण एवढी होती, कीं खेळाडू म्हणून निवृत्त झालेला रेनॉल्ड्स स्वतः राखीव गडी म्हणून पोषाख चढवून बसला होता.

त्या निकालाविषयीं मेलबोर्नांत पुढें कित्येक वर्षें वाद चालला. आमचें मत विचाराल तर शिक्षा नियमाप्रमाणें होती आणि अन्यायाचीहि होती; या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. पण येथें आम्हांस मुद्दा निराळाच सांगावयाचा आहे. १९४८ मध्यें कोलमनची पारख करणाऱ्यांनीं त्याची उडी मोजली असती, नेम मोजला असता, तरी वर्षानुवर्षें कोपरखळ्या सोसणारा धीर त्याच्यापाशीं किती आहे, हें त्यांना मोजतां आलें नसतें. हेस्टिंग्जमध्यें त्याची गरजच पडली नव्हती. माणसाचे कांहीं गुण अडचण आल्याखेरीज अस्तित्वांतच येत नाहींत, मग ते आधीं दिसणार कसे? कोलमननें या बाबतींत स्वतःला सांवरलें. १९५२ मध्यें १०३ आणि १९५३ मध्यें ९७ गोल केले.

१९५४ मध्यें तो पंचवीस वर्षांचा होता. फुल-फॉरवर्डच्या जागेसाठीं हें ऐन उमेदीचें वय. शरीर भरलेलें असतें, आणि चेंडू कोठें पडेल याचा अंदाज अनुभवानें आलेला असतो. हंगामाच्या सातव्या फेरींत फिट्झरॉयविरुद्ध त्यानें १४ गोल केले. पुढच्याच शनिवारीं, ५ जून रोजीं, नॉर्थ मेलबोर्नविरुद्ध खेळतांना तो पडला आणि त्याचा गुडघा निखळला. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा खेळतां यावें म्हणून खटपट झाली, पण तो गुडघा त्या खेळायोग्य पुन्हा झाला नाहीं. ९८ सामने, ५३७ गोल. एवढ्यावर हिशेब बंद झाला.

गुडघा हा या खेळांतील फुल-फॉरवर्डचा जुना वैरी आहे. उंच उडालेला मनुष्य एका पायावर उतरतो, आणि त्याच वेळीं दुसरा कोणी त्याच्यावर आदळतो. टास्मानियांतून आलेला हॉथॉर्नचा पीटर हडसन यानें १९७१ मध्यें प्रॅटच्या १५० गोलांशीं बरोबरी केली. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत मध्यंतरापूर्वीं आठ गोल केले असतां त्याचा गुडघा गेला. हडसन पुढें परत आला. १२९ सामन्यांत ७२७ गोल, म्हणजे दर सामन्यास ५.६४, ही त्याची सरासरी. कोलमनची ५.४८. सरासरीच्या यादींत या दोघांच्या वर कोणी नाहीं, आणि दोघांचेहि सामने थोडे, हा योगायोग आम्हांस नुसता योगायोग वाटत नाहीं. उतरत्या वयाचीं सामान्य वर्षें त्यांच्या हिशेबांत पडलींच नाहींत. प्रॅटवर तर मैदानाबाहेरच घाला आला. १९३५ च्या अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधीं ट्राममधून उतरतांना त्याला विटा वाहणाऱ्या एका मोटारीची धडक बसली, तो खेळूं शकला नाहीं, आणि साउथ मेलबोर्न हरलें.

कोलमननें दोनशें सामने खेळले असते तर, असें त्रैराशिक मांडून १,०९६ गोल होतात असें दाखविणारे लोक आहेत. गणित बिनचूक आहे. परंतु ९८ सामन्यांची सरासरी पुढच्या १०२ सामन्यांस लावणें म्हणजे तिशींतल्या माणसास पंचविशीचा गुडघा आणि विशीची उडी उसनी देणें होय. आम्ही हें त्रैराशिक सोडून देतों. उलट बाजूचें एक गणित मात्र मनांतून जात नाहीं. ज्याला आयुष्यांत एकंदर पांच हंगाम आणि आठ सामने मिळावयाचे होते, त्याचे दोन हंगाम हेस्टिंग्जला गेले. तेव्हां हें कोणास ठाऊक नव्हतें. पण तरुणाला ‘अजून वेळ आहे, थांब’ असें सांगणारे लोक, जो वेळ आपल्या हातचा नाहीं त्याचेंच आश्वासन त्याला देत असतात. थांबविणें चूक असें आमचें म्हणणें नाहीं. कदाचित् त्या दोन वर्षांत त्याची उंची भरली, अंग भरलें, आणि १९४९ मध्यें जो दिसला तो कोलमन १९४७ मध्यें तयारहि नसेल. तरीहि थांबण्याची किंमत कांहींच नसते असें धरून चालणाऱ्या क्लबांशीं आमचा मतभेद आहे. ती किंमत क्लब देत नाहीं, तरुण देतो; क्लबाला पुढच्या वर्षीं दुसरा कोणी मिळतोच.

आज ही पारख फार शास्त्रीय झाली आहे, असें म्हणतात. १९८६ पासून लीगमध्यें ‘ड्राफ्ट’ची पद्धत आहे, अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची उंची, वजन, धांव, उडी हें सर्व मोजून क्लब पाळीपाळीनें त्यांची निवड करतात, आणि तळाच्या क्लबास निवडीचा पहिला मान मिळतो. लीगचें नांवहि १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असें झालें, आणि पश्चिम किनाऱ्यापासून क्वीन्सलंडपर्यंतचे क्लब तींत आले. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील लान्स फ्रँकलिन हा २००४ च्या ड्राफ्टमध्यें पांचव्या क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे तेवढ्या साऱ्या मोजमापानंतरहि चार मुलें त्याच्यापुढें ठेवावीं असें जाणत्यांस वाटलें. त्यानें २००८ मध्यें ११३ गोल केले. त्यानंतर २०२४ च्या हंगामापर्यंत कोणीहि शंभर गोलांची मजल गांठलेली नाहीं. २०२२ च्या मार्च महिन्यांत सिडनीच्या मैदानावर त्याचा हजारावा गोल झाला तेव्हां हजारों प्रेक्षक कुंपण ओलांडून आंत धांवले. २०२३ मध्यें तो निवृत्त झाला. ३५४ सामने, १,०६६ गोल. सामन्यामागें तीनच गोल, कोलमनच्या मानानें थोडे. पण आतां संघच्या संघ मागें येऊन रक्षण करतात, आणि खांबांपुढें ठाण मांडून बसलेला फुल-फॉरवर्ड जवळजवळ नाहींसा झाला आहे. निरनिराळ्या काळांतले गोल एका तराजूंत घालतां येत नाहींत, हें आंकड्यांचे भक्त वरचेवर विसरतात.

कोलमन पुढें एसेन्डनचाच शिक्षक झाला. १९६१ मध्यें त्यानें ती जागा घेतली ती रेनॉल्ड्सच्या हातून; १९६२ व १९६५ सालीं त्याच्या शिकवणुकीखालीं क्लबानें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९६७ नंतर त्यानें तें काम सोडलें. ५ एप्रिल १९७३ रोजीं, ज्या द्वीपकल्पांत त्याचा खेळ उमलला तेथेंच, ड्रोमाना येथें हृदयविकारानें त्याचा अंत झाला. वय चव्वेचाळीस. १९८१ पासून लीगमध्यें हंगामांत सर्वांत अधिक गोल करणारास जें पदक देतात त्याला कोलमनचें नांव आहे. त्या पदकासाठीं साखळी सामन्यांतले गोल तेवढे धरतात, अंतिम फेऱ्यांतले नाहीं. आणि त्या हिशेबानें पाहिलें तर १९४९ सालच्या अंतिम सामन्यांतला त्याचा शंभरावा गोल त्याच्याच नांवाच्या पदकाकरितां मोजणींत आला नसता.